नेत्राचा निबंध होल्डवर आहे

६ जुलै, रविवार

आजपासून रोजनिशी. खरं म्हणजे रोजनिशी नव्हे, मिनिट्स. नेत्राच्या निबंधाचा पहिला रिव्ह्यू आज झाला, आणि मीटिंग झाली की मिनिट्स हवेतच. नाहीतर पुढच्या वेळी ‘मी असं म्हटलंच नव्हतं’ सुरू होतं. मी क्वालिटी इंजिनिअर आहे. गाड्यांच्या सीट बनवणाऱ्या सप्लायरांच्या दारात जाऊन त्यांना घाम फोडणं हा माझा धंदा. निबंध म्हणजे काय, शेवटी एक पार्टच.

पार्श्वभूमी लिहून ठेवतो. नेत्रा, माझी एकुलती एक मुलगी. पार पश्चिम किनाऱ्यावर, बेलव्ह्यूला एका क्लिनिकमध्ये नोकरी करते, यंदा मेडिकल स्कूलला अप्लाय करते आहे. मुख्य अर्ज गेलाय. आता कॉलेजं उलट निबंध मागवतात. त्यातला सगळ्यात अवघड डायव्हर्सिटीचा: तुमच्यात असं काय वेगळं आहे, की तुम्ही आलात तर आमच्या वर्गात भर पडेल? साधारण तोच प्रश्न सगळीकडे. उत्तर दोन आठवड्यांत गेलेलं बरं म्हणे, उशीर झाला की मुलं मागे पडतात.

मी म्हटलं, अजिबात काळजी करू नकोस, मी आहे ना. ती म्हणाली, ओके बाबा.

दर रविवारी सकाळी दहाला फोन ठरला. दोघांनाही सोयीची वेळ. आज तिचा आवाज झोपेतून उठल्यासारखा. आयुष्याचा प्रश्न आहे आणि ही जांभया देते! तसं बोललो. सॉरी म्हणाली.

पूर्वी महिन्या-दोन महिन्यांतून बोलणं व्हायचं. आता दर आठवड्याला. पण ते निबंधासाठी, त्यात वेगळं असं काही नाही.

८ जुलै, मंगळवार

निबंधासाठी मुद्दे काढले.

एक, मी. दोन बॅगा आणि एक प्रेशर कुकर घेऊन डेट्रॉइटच्या विमानतळावर उतरलो तेव्हा अंगात पुण्याहून आणलेला हाफ स्वेटर आणि बाहेर फेब्रुवारी. यावर चार पानं सहज होतील.

दोन, शाकाहार. (नेत्रा चिकन खाते. पण आधी खात नव्हती.)

तीन, मराठी शाळा. नेत्रा चार रविवार गेली होती. पाचव्या रविवारी पोटात दुखलं.

चार, मंडळाचं ढोलपथक. तिथे ती झेंडा धरायची.

मटेरियल भरपूर आहे, असेम्ब्ली तेवढी बाकी.

संध्याकाळी भात. एकट्यापुरता लावला तर कुकर नीट प्रेशर धरत नाही, म्हणून मी दोघांचा लावतो. उरलेला सकाळी फोडणीचा. याला कुणी एकटेपणा म्हणेल, पण हा निव्वळ टेक्निकल प्रश्न आहे.

१३ जुलै, रविवार

रिव्ह्यू दोन. आज मी हुकमी हत्यार काढलं, फाइव्ह व्हाय. आमच्याकडे कुठलाही दोष सापडला की त्याला पाच वेळा ‘का’ विचारतात. पहिल्या दोन-तीन उत्तरांत लोक थापा मारतात. पाचव्या ‘का’ला खरं कारण बाहेर पडतंच.

विचारलं, तू वेगळी का? म्हणाली, दोन कल्चरमध्ये वाढले म्हणून. का? कारण तू इथे आलास. का आलो? तर म्हणाली, बाबा, ते तू सांग.

मग मी सांगितलं. हाफ स्वेटरपासून सुरुवात केली. सांगता सांगता तास गेला. पाचव्या ‘का’पर्यंत पोचलो नाही, पण चर्चा अतिशय फलदायी झाली. शेवटी ती म्हणाली, बाबा, यातलं काहीच माझ्याबद्दल नाहीये. मी म्हटलं, अगं, मुळं कळल्याशिवाय झाड कसं कळणार?

तिने एक माहिती दिली. तिच्या ओळखीतल्या अर्ज करणाऱ्या देशी मुलांपैकी निम्म्यांनी हळद घातलेल्या दुधावर निबंध लिहिलाय. म्हणजे हळद बाद. बरं झालं, माझ्या यादीत ती पाचवी येणार होती.

१६ जुलै, बुधवार

टेन माइल रोडवरच्या इंडियन ग्रोसरीत गणपतीची मूर्ती बुक केली. शाडूची, लहान. तिथे कुमार भेटला. कुमार म्हणजे माझा इथला सगळ्यात जुना मित्र, तीन गल्ल्या सोडून राहतो. त्याची बायको अबोली, मुलगी अनया. अनयासुद्धा डॉक्टर होणार म्हणते, दोन वर्षांनी अर्ज. मी म्हटलं, पाठव माझ्याकडे, फ्रीमध्ये रिव्ह्यू करीन. कुमार बघू म्हणाला.

गणपतीचं आमंत्रण दिलं. दरवर्षीप्रमाणे. म्हटलं, कांचनला यंदाही सुट्टी मिळेलसं दिसत नाही. कुमार शेवग्याच्या शेंगा निवडत राहिला. पूर्वी तो ‘कांचन कधी येतेय’ असं विचारायचा, हल्ली विचारत नाही. माणसं स्वतःत मश्गूल झाली आहेत.

कांचनचं लिहून ठेवतो. कांचन माझी बायको, दूर दक्षिणेत, प्लेनोला असते. तिच्या कंपनीच्या प्रोजेक्टसाठी गेली, ते प्रोजेक्ट लांबलं. सहा वर्षं झाली. कॉर्पोरेटमध्ये लांबतात प्रोजेक्टं. मध्ये कोर्टात काही कागद झाले, सह्या झाल्या, पण ते सगळं तिच्या वकिलाच्या हौसेपायी. कागदाने काय होतं?

लोकांना कशाला सांगायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची.

पूजेचं मात्र मी चोख करतो. बायको जवळ नसली तर तिच्या जागी सुपारी असते. शास्त्रच आहे तसं. कमरेला सुपारी खोचायची आणि पूजेला बसायचं, जोडी पूर्ण. कुमार मागे एकदा म्हणाला होता, अरे, गणपतीला जोडी लागत नाही, सत्यनारायणाला लागते. असेल. पण प्रोसेस म्हणजे प्रोसेस.

गेल्या वर्षी जरा घोटाळा झाला. आरती ऐन रंगात असताना सुपारी सटकली, पायजम्यातून खाली आली आणि घरंगळत सोफ्याखाली गेली. अनयाने पालथं पडून काढली. नेत्रा तेव्हा आली होती. तिला एवढं हसू फुटलं की डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ती बाथरूममध्ये गेली ती बराच वेळ आलीच नाही. मुलगी मिस्कील आहे.

यंदा सुपारीला कापडाची छोटी पिशवी शिवणार, वर सेफ्टी पिन. दोष एकदा झाला तर चूक, दुसऱ्यांदा झाला तर गुन्हा.

२० जुलै, रविवार

रिव्ह्यू तीन. आज गंभीर दोष सापडला.

ड्राफ्टमध्ये मध्येच एक वाक्य: माझे आईवडील वेगळे राहतात, सहा वर्षं मी दोन घरांमध्ये ये-जा करते आहे. मी म्हटलं, हे काय? ती म्हणाली, खरं आहे ना. मी म्हटलं, खरं असेल, पण विषयाला धरून नाही. डायव्हर्सिटी म्हणजे संस्कृती. घरातल्या गोष्टी चव्हाट्यावर मांडणं म्हणजे संस्कृती नव्हे. शिवाय आई प्रोजेक्टवर आहे.

फोनवर शांतता. मला वाटलं कॉल ड्रॉप झाला.

मग ती म्हणाली, ओके बाबा, काढते.

ऐकते माझं. शहाण्याला शब्दाचा मार. पण आता खात्री होईपर्यंत निबंध सोडायचा नाही. आमच्याकडे संशयास्पद पार्टवर पिवळा टॅग लावतात, होल्ड. टॅग असेपर्यंत तो पार्ट कारखान्याच्या बाहेर जात नाही. नेत्राचा निबंध आजपासून होल्डवर आहे. मी टॅग काढल्याशिवाय कुठेही पाठवायचा नाही, असं बजावलं.

होल्ड किती दिवस? क्वालिटी येईपर्यंत. घाई करून चालत नाही. एकदा निबंध गेला की पुढे काय, रविवारी दहाला फोन करायला काही कारणच उरणार नाही. म्हणजे, सुधारायला वाव उरणार नाही, असं म्हणायचंय मला.

२७ जुलै, रविवार

रिव्ह्यू चार. दोन आठवड्यांची मुदत उलटून गेली असावी. विचारलं तर म्हणाली, डोन्ट वरी, बाबा. अगदी कूल. माझ्यावर गेली आहे.

दुसऱ्या परिच्छेदात स्वल्पविराम जास्त. होल्ड चालू.

२ ऑगस्ट, शनिवार

संकल्प. रविवार सोडून उरलेल्या सहा दिवसांचंही काहीतरी प्लॅनिंग हवं.

रोज सकाळी चालणे. कॉलेजच्या मित्रांना फोन. गराज साफ, कांचनच्या गाडीची जागा रिकामी आहे तिथे रिकामी खोकी साठली आहेत, ती टाकणे. मंडळाच्या नाटकात छोटंसं काम. पुरणपोळी शिकणे.

४ ऑगस्ट, सोमवार

चाललो नाही, ऊन होतं. मित्राला फोन केला, त्याने उचलला आणि विचारलं, काय रे, काही काम होतं का? काम नव्हतं. मग हवापाण्याचं बोललो. पुण्यात पाऊस आहे.

खोकी पाहून आलो. चांगली आहेत, कधीतरी लागतील.

१० ऑगस्ट, रविवार

रिव्ह्यू सहा. एक निरीक्षण: ड्राफ्ट तीन आणि ड्राफ्ट सहा जवळपास सारखे आहेत. दाखवून दिलं. ती म्हणाली, तुझ्या कमेंट्स घालता घालता फिरून तिथेच आलं. शक्य आहे. माझ्या कमेंट्स सखोल असतात.

आज ती मध्येच भलतंच सांगायला लागली. त्यांच्या क्लिनिकमध्ये एक आजोबा येतात, दर सोमवारी येतात, आणि बाबा तुला माहितीये का... मी तिथेच थांबवलं. म्हटलं, नेत्रा, हे अजेंड्यावर नाही. आधी तिसरा परिच्छेद. ती म्हणाली, हो, बरोबर.

शिस्त लावली की मुलं लागतात वळणाला. तिसरा परिच्छेद चांगला पाऊण तास चालला.

फोन ठेवल्यावर घर फारच शांत वाटलं. फ्रिजचा आवाज येतो. बेअरिंग गेलं असणार, बघायला हवं.

१४ ऑगस्ट, गुरुवार

फ्रिजच्या माणसाला बोलावलं. तो म्हणाला, सर, फ्रिज ठणठणीत आहे, सगळ्यांचेच एवढा आवाज करतात. आमचा आधी करत नव्हता, म्हटलं. तो म्हणाला, आधी घरात बोलणं चालू असेल. आगाऊ माणूस. चहा विचारला तर थांबला मात्र. बराच वेळ थांबला. मिशिगनमधल्या माशांबद्दल पुष्कळ माहिती आहे त्याला.

१७ ऑगस्ट, रविवार

रिव्ह्यू सात. माझी सूचना, सुरुवात एखाद्या थोर विचाराने करावी. नेत्रा म्हणाली, सुरुवात ठीक आहे, बाबा, सुरुवातीला हात नको लावूस. पहिल्यांदाच आवाज चढवला. मग लगेच सॉरी म्हणाली. मी म्हटलं, होल्ड चालू.

गणपतीला यायला जमणार नाही म्हणाली. क्लिनिकमध्ये माणसं कमी आहेत. जमत नाही तर नाही. मी काय कुक्कुलं बाळ आहे?

दुपारी कांचनला व्हॉट्सअ‍ॅप केला: गणपती सत्तावीसला. कळव.

१९ ऑगस्ट, मंगळवार

कांचनचं उत्तर: गणपतीच्या शुभेच्छा. खाली दोन हात जोडलेले.

नाही म्हणालेली नाही, याची नोंद घ्यावी.

२४ ऑगस्ट, रविवार

रिव्ह्यू आठ. लहान झाला. नेत्राला सर्दी, आवाज बसलेला, तरी फोन केला. कामाची निष्ठा! चौथ्या परिच्छेदातला ‘आणि’ काढायला सांगितला. मग तो परत घालायला सांगितला.

सुपारीची पिशवी शिवून झाली. तांबड्या खणाचा तुकडा, डबल टाके. ओढून पाहिलं, उड्या मारून पाहिलं. निघत नाही. गेल्या सहा वर्षांत एवढं चोख काम झालं नव्हतं.

२७ ऑगस्ट, बुधवार. गणेश चतुर्थी

क्रमाने लिहितो.

सकाळी पूजा उत्तम. पिशवी जागची हलली नाही. संध्याकाळी कुमार, अबोली आणि अनया आले. मोदक अबोलीने करून आणले. आरती झाली, प्रसाद झाला, पानं मांडली. मी सहज अनयाला म्हटलं, तुझ्याही निबंधाचं बघू या आता, नेत्राचा जवळजवळ होत आलाय, थोडासा होल्डवर आहे.

अनया म्हणाली, काका, होल्डवर? नेत्रादीदीने जुलैतच पाठवला सगळीकडे. मला सँपल म्हणून दिला ना तिने. इट्स सो गुड. मम्मा रडली वाचून.

अबोली म्हणाली, अनया, मीठ वाढ.

मी म्हटलं, जुलैत कधी? म्हणाली, सुरुवातीलाच, फोर्थ ऑफ जुलैला. म्हणजे माझ्या पहिल्या रिव्ह्यूच्या आधी.

कुमार मोदकाकडे बघत बसला. मी म्हटलं, अच्छा, म्हणजे दुसरा ड्राफ्ट असेल तो. ढोलपथकाचा का? अनया इथे वाढलेली सरळ मुलगी, तिला आईचे डोळे वाचता येत नाहीत. म्हणाली, नाही काका, तो बीटलनटवाला. (बीटलनट म्हणजे सुपारी.) आणि पहिलं वाक्य पाठ म्हणून दाखवलं. इंग्रजीत होतं. मराठीत असं होईल: गेल्या वर्षी, आरती चालू असताना, माझी आई घरंगळत सोफ्याखाली गेली.

मीठ वाढायचं राहिलंच.

पुढचं तिने आपल्या शब्दांत सांगितलं. माझ्या आईवडिलांचा घटस्फोट झाला आहे. बाबा सगळ्यांना सांगतात की आई प्रोजेक्टवर आहे, आणि सगळे म्हणतात, हो का. दरवर्षी एक दिवस माझी आई सुपारी होते. मी दोन्ही घरांचे निरोप ने-आण करते, आणि दोन्हीकडे कुणीही खरं काय ते बोलत नाही. माणूस काय सांगतोय त्यापेक्षा तो काय सांगत नाहीये, ते ऐकायला मी आमच्या स्वयंपाकघरात शिकले. मला डॉक्टर होऊन तेच करायचंय.

सगळे माझ्याकडे बघत होते. पिशवी कमरेला होती, तांबडी, सगळ्यांना दिसेल अशी.

मी म्हटलं, व्याकरण चांगलं आहे.

अबोली म्हणाली, भाऊजी, मोदक घ्या ना. घेतला. मग आणखी घेतले. चव कशी होती ते लिहिता येत नाही.

२८ ऑगस्ट, गुरुवार

दीड दिवसाचा गणपती. मागच्या अंगणात बादलीत विसर्जन. एरवी ‘पुढच्या वर्षी लवकर या’ नेत्रा ओरडते. मी हळूच म्हटलं, शेजारी बार्बेक्यू चालू होतं.

पिशवीची पिन काढली. सुपारी हातावर घेतली. सहा वर्षं तीच वापरली, मधल्या काळात पोह्यांच्या डब्याशेजारी असायची. बादलीत सोडली. वाटलं तरंगेल, लगेच बुडाली. चांगल्या प्रतीची होती.

काल रात्रीपासून एकच विचार. सगळ्यांना माहीत होतं. कुमार शेंगा निवडत होता तेव्हाही. मी एकटाच मूठ झाकून उभा होतो आणि मुठीत काय आहे ते मी सोडून सगळे बघत होते.

राग यायला हवा नेत्राचा. येत नाहीये. लाज वाटते आहे.

३१ ऑगस्ट, रविवार

दहाला फोन आला. म्हणाली, बाबा, ड्राफ्ट नऊ वाचू?

आवाज तोच, झोपाळलेला. समोर भिंतीवर घड्याळ. इथे दहा, म्हणजे तिथे सात. रविवारचे सात! आठवडाभर क्लिनिकमध्ये उभं राहून, सुट्टीच्या दिवशी पोर सातला उठत होती, जुलैत गेलेला निबंध मला वाचून दाखवायला. सर्दी झालेली असतानासुद्धा. मला तीनची वजाबाकी सुचली नाही. वरून जांभया देते म्हणून बोललो तिला.

वाच, म्हटलं. तिने वाचला. ढोलपथक, मराठी शाळा, हाफ स्वेटर. माझे सगळे मुद्दे घातले होते, एकही गाळला नव्हता. इतका भिकार निबंध मी आयुष्यात ऐकला नाही.

म्हटलं, अप्रूव्ह्ड. टॅग काढला. पाठवून दे.

ती म्हणाली, नक्की? तिसरा परिच्छेद पुन्हा बघू या का पुढच्या रविवारी? मी म्हटलं, नको, छान आहे, तू झोप जरा.

ओके बाबा, पाठवते, म्हणाली.

अनयाचं मी काढलं नाही. तिनेही काढलं नाही. फोन पाच मिनिटांत संपला. रविवार बराच उरला.

३ सप्टेंबर, बुधवार

कुमारचा फोन. शनिवारी मंडळाच्या गणपतीचं विसर्जन आहे, येतोस ना? म्हटलं, येतो. मग म्हटलं, कुमार, कांचन येणार नाही.

तो म्हणाला, माहीत आहे रे. डबा आणू नकोस, अबोली करते आहे.

एवढंच. आणि मी सहा वर्षं घाबरत होतो.

७ सप्टेंबर, रविवार

दहा वाजले. फोन नाही. साहजिक आहे, निबंध गेला.

मिनिट्सची वही उघडली, बंद केली. भांडी घासली. घासलेली होती.

साडेदहा. आपणच करावा का? पण कशाबद्दल? विषय काय? तेवीस वर्षांत मी नेत्राला कामाशिवाय फोन केल्याचं आठवत नाही. शाळा, फी, इन्शुरन्स, टायर, निबंध. एवढंच बोलत आलो मी तिच्याशी.

केला. पहिल्या रिंगला उचलला. घाबरली होती. म्हणाली, बाबा, काय झालं? बरा आहेस ना? मी म्हटलं, काही नाही झालं. जेवलीस का? ती म्हणाली, बाबा, इथे सकाळ आहे, पावणेआठ. मी म्हटलं, हो, माहितीये, तीन तास.

मग तिने विचारलं, फोन का केलास?

सहज.

सहज का?

रविवार आहे म्हणून.

रविवार आहे तर का?

मला कळलं तिचं काय चाललंय ते. माझंच हत्यार. म्हटलं, रविवारी आपण बोलतो म्हणून.

आपण का बोलतो, बाबा?

निबंधासाठी, म्हणणार होतो. तोंडाशी आलं होतं. पण ती म्हणाली, अनयाने मला त्याच दिवशी सांगितलं, तुला कळलंय ते. आय अ‍ॅम सॉरी, बाबा, मी तुला विचारायला हवं होतं. पण तू नाही म्हणाला असतास. मी म्हटलं, नाहीच म्हटलं असतं. आणि मग एकच चांगला निबंध होता, तोही गेला असता.

ती हसली, की रडली, नीट कळलं नाही.

मग म्हणाली, पाचवा राहिला. का?

शेजारी गवत कापण्याचं मशीन चालू होतं. ते थांबेपर्यंत थांबलो. मग म्हटलं, एकटं वाटतं गं मला. फार एकटं वाटतं.

ती म्हणाली, आय नो, बाबा.

कॉल ड्रॉप झाला नव्हता. तिचा श्वास ऐकू येत होता.

मग मी विचारलं, ते दर सोमवारी येणारे आजोबा, त्यांचं काय सांगत होतीस? तिला आश्चर्य वाटलं. सांगितलं. आजोबा दर सोमवारी ब्लडप्रेशर तपासायला येतात. ब्लडप्रेशर अगदी नॉर्मल. पुढच्या सोमवारी परत येतात. क्लिनिकमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे, तरी त्यांचं नाव लिहून घेतात, पट्टा बांधतात, आकडा मोठ्याने वाचून दाखवतात. मागच्या सोमवारी त्यांनी नेत्रासाठी परसातले टोमॅटो आणले होते. तिने त्याची भाजी केली, पण खारट झाली. मी म्हटलं, उकडलेला बटाटा घालायचा त्यात. पुष्कळ बोललो. तिची रूममेट, तिचा टायर (हवा कमी आहे, भरून घे म्हटलं, राहवलं नाही), आणि आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन व्हायचंय ऑक्टोबरात. मला माहीत नव्हतं. तूच विचार आईला, म्हणाली. बघू, म्हटलं.

ठेवताना तिने विचारलं, पुढच्या रविवारी दहाला?

म्हटलं, हो. पण तुझे दहा.

बरं, म्हणाली. अजेंडा काय?

म्हटलं, काही नाही.